वॉल्डनकाठचे घर आणि त्याचे ऋतू

हेन्री डेव्हिड थोरो म्हटला की आपल्यापुढे उभा राहतो तो विचारवंत: कर नाकारून एक रात्र तुरुंगात काढणारा, गांधीजींनी आदराने वाचलेला, दुर्गाबाई भागवतांनी अनुवादातून मराठीत आणलेला. आज आम्ही बोलणार आहोत ते थोरोमधल्या सुताराविषयी आणि गवंड्याविषयी. श्रोत्यांनी निराश होऊ नये. ते घर कसे उभे राहिले आणि कसे टिकले हे पाहिल्यावाचून त्या माणसाचा साधेपणा किती कष्टाचा होता हे कळत नाही, असे आमचे मत आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात कॉन्कॉर्ड गावापासून सुमारे दीड मैलावर वॉल्डन हे तळे आहे. काठची जमीन थोरोचे स्नेही एमर्सन यांची. तेथले अरण्य काही घनघोर नव्हते, तळ्याच्या कडेने आगगाडी जात होती. पण जवळात जवळचा शेजारी मैलभर दूर होता. १८४५ च्या मार्चअखेर उसनी कुऱ्हाड घेऊन थोरो तेथे गेला आणि पाइनची झाडे तोडू लागला. खांब दोन बाजूंनीच तासले, वासे एकाच बाजूने. उरलेल्या अंगावर साल तशीच ठेवली. फळ्यांसाठी रेल्वेवर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराची खोपटी सव्वाचार डॉलरला घेतली, ती मोडली आणि फळ्या गवतावर उन्हात पसरून वाळवल्या. दक्षिणेकडे उतरणाऱ्या टेकाडात सहा फूट लांबरुंद आणि सात फूट खोल तळघर खणले. इतके खोल कशासाठी? तिकडे हिवाळ्यात जमीनच वरून गोठते. बटाटे टिकायचे तर त्या थराच्या खाली गेले पाहिजे.

मे महिन्यात मित्रांच्या मदतीने सांगाडा उभा झाला. फळ्यांच्या कडा पातळ करून एकीवर एक चढवल्या, म्हणजे पाऊस आत येत नाही. आपल्या कौलांचेही तत्त्व तेच. ४ जुलैला थोरो राहायला गेला तेव्हा भिंतींना गिलावा नव्हता, धुराडे नव्हते. उन्हाळ्यात त्यांची गरजच नव्हती, स्वयंपाक बाहेर उघड्यावर चाले. मात्र धुराड्याचा पाया फळ्या ठोकण्यापूर्वीच घातलेला होता. त्यासाठी दोन गाड्या भरतील इतके दगड थोरोने तळ्यावरून टेकाडावर हातांनी वाहून आणले. ऋतू ज्या क्रमाने येणार त्याच क्रमाने घर वाढत होते, आणि ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. कोकणात पावसाळ्यापूर्वी घर शाकारणाऱ्याला ती वेगळी सांगायला नको.

शेतातली खुरपणी संपल्यावर, थंडीच्या तोंडाशी, धुराडे चढले. विटा जुन्या, थापीने खरवडून साफ केलेल्या. मग बाहेरच्या अंगाला लाकडाच्या चिपा कौलांसारख्या ठोकल्या, आणि पाणी गोठू लागले तेव्हा कुठे गिलाव्याला हात लागला. त्याची वाळू पलीकडच्या काठावरून होडीने आणली. कोरड्या विटांनी चुन्यातले पाणी पिऊन टाकले आणि थोरोला बादल्यामागून बादल्या ओताव्या लागल्या. आपल्या गवंड्याने विटा आधीच भिजत घातल्या असत्या!

एवढे झाले की घर दहा फूट बाय पंधरा फूट, आणि खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. हा हिशोब जगभर उद्धृत होतो. पण त्यात राहत्या घराची रोजची चाकरी नाही. हिवाळ्यात पाणी हवे तर आधी फूटभर हिम आणि मग फूटभर बर्फ कुऱ्हाडीने फोडायचे. सरपणासाठी बुंधे आणि मुळे उकरायची. तळघरात जमीन पोखरणारे छोटे प्राणी दर तिसरा बटाटा कुरतडत, आणि गिलाव्यातून उरलेल्या केसांची गादी करून राहत. वसंतात खारी जमिनीच्या फळ्यांखाली येऊन पायांशी किचकिचत. जमीन मळली की सगळे सामान गवतावर काढायचे, पाणी ओतून तळ्यातली पांढरी वाळू टाकायची आणि झाडूने घासायचे. हे काम थोरोला आवडे, आणि आमचा त्यावर विश्वास बसतो.

१८४६–४७ च्या हिवाळ्यात व्यापाऱ्यांची माणसे तळ्याचा बर्फ कापून नेऊ लागली. आपल्या विहिरीचे पाणी आता मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याचे लोकही पितील, अशा अर्थाची गंमत थोरोने लिहिली आहे. अमेरिकेचा बर्फ तेव्हा जहाजांतून खरोखरच हिंदुस्थानात येत असे.

६ सप्टेंबर १८४७ रोजी थोरोने घर सोडले. ते एमर्सन यांच्या माळ्याकडे गेले. १८४९ मध्ये एका शेतकऱ्याने ते उचलून गावाच्या पलीकडे नेले आणि त्यात धान्य भरले. १८६८ मध्ये ते मोडले, छप्पर डुकरांच्या खोपटावर चढले. घर नेमके कोठे होते हेही पुढे नक्की सांगता येईना. १९४५ मध्ये रोलंड रॉबिन्स यांनी खणून पाहिले, तेव्हा हाती लागला तो धुराड्याचा पाया: तळ्यावरून हातांनी वाहून आणलेले ते दगड.