खोकला नसलेला टीबी

२४ मार्चचा जागतिक क्षयरोग दिन आला, की ‘दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. सल्ला योग्य आहे, पण अपुरा. देशात नोंदल्या जाणाऱ्या क्षयरुग्णांपैकी साधारण चारातल्या एकाचा टीबी फुफ्फुसाबाहेर असतो. हे रुग्ण अनेकदा खोकतच नाहीत.

देवास आणि टीबी म्हटले की मराठी माणसाला कुमार गंधर्व आठवतात. टीबी झाल्यावर १९४८ मध्ये माळव्याच्या कोरड्या हवेसाठी ते देवासला आले. गाणे बंद झाले. अंथरुणावर पडून कानी येणारी माळवी लोकगीते ते मनात साठवत राहिले आणि त्यातूनच पुढे त्यांचे वेगळे गाणे उभे राहिले. पत्नी भानुमतींची शुश्रूषा होती. मग स्ट्रेप्टोमायसिन मिळाले आणि १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले. तेव्हा आजार कळला होता, औषधाची वाट पाहायची होती. आज धार-देवासच्या सरकारी दवाखान्यांत औषध फुकट मिळते. उशीर होतो तो आजार ओळखायला.

मानेची गाठ दुखत नाही, म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढली जाते. पाठदुखीला मलम चोळले जाते आणि आत मणका झिजत राहतो. गर्भाशयाचा टीबी तर कित्येकींना मूल का होत नाही याचा शोध घेतानाच कळतो. अशा वेळी थुंकी तपासून काही हाती लागत नाही. गाठीतून सुईने पाणी किंवा तुकडा काढून तो सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबीचे जंतू शोधणाऱ्या यंत्रांवर तपासावा लागतो. या तपासणीत रिफॅम्पिसिन हे टीबीवरचे मुख्य औषध लागू पडेल का, हेही कळते. नमुना न घेता अंदाजाने गोळ्या सुरू करणे मला धोक्याचे वाटते.

उपचार बहुधा सहा महिन्यांचा. मेंदूच्या आवरणाचा किंवा हाडाचा टीबी असेल तर वर्षभर, कधी त्याहून जास्त. गोळ्या चालू असताना गाठ मोठी झाली, तर औषध फसले असे समजून ते सोडू नका. काही रुग्णांत असे होते, डॉक्टरांना दाखवा. फुफ्फुस निरोगी असेल, तर हा टीबी सहसा दुसऱ्याला लागत नाही. सुनेचे ताट वेगळे करणाऱ्या घरांनी हे नीट ऐकावे.

नोंद झालेल्या रुग्णाला पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात, टीबी कुठल्याही अवयवाचा असो. गाठ दोन आठवडे टिकली, तर दवाखान्यात जा आणि नमुना तपासायला सांगा.