किंमत आणि मोल

नोव्हेंबर २०२५ मध्ये लखनौ सुपर जायंट्सने पालघरच्या शार्दूल ठाकूर याला दोन कोटी रुपयांस मुंबई इंडियन्सच्या स्वाधीन केले. वर्षभरापूर्वी, २०२४ च्या लिलावात, याच गोलंदाजावर कोणीही बोली लावली नव्हती. मार्च २०२५ मध्ये जायबंदी मोहसीन खानच्या जागी त्याची वर्णी लागली. तेवढ्या काळात त्याची विद्या लोपली होती काय? ब्रिस्बेनला २०२१ साली ६७ धावा व सामन्यात सात बळी, जोहान्सबर्गला २०२२ साली ६१ धावांत सात बळी, ही कामगिरी पुसली जात नाही. लिलावात किंमत ठरते ती त्या दिवसाच्या गरजेची. कर्तृत्वाचा हिशेब निराळ्या वहीत असतो.

बोईसरच्या तारापूर विद्यामंदिरातील या मुलाला क्रिकेटसाठी बोरिवलीची शाळा गाठावी लागली. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला आपल्याच घरी ठेवून घेतले. त्या निवडीत बोली नव्हती, पारख होती. अणुवीज आणि कारखाने यांनी गजबजलेल्या या परिसरातील मुलाला खेळासाठी मात्र घर सोडावे लागले, याचा विचार व्हावयास हवा. प्रत्येकाला लाड सर भेटतीलच असे नाही. जाणता प्रशिक्षक आणि बरे मैदान गावातच लाभावे, यासाठी खर्चिलेला पैसा कोणत्याही लिलावातील बोलीपेक्षा अधिक सत्कारणी लागेल.