कोल्ड फ्यूजन: खरं की नुसती हवा?

सूर्यात अणुकेंद्रकं एकत्र येऊन ऊर्जा देतात. तेच टेबलावर, साध्या तापमानाला जमलं तर?

२३ मार्च १९८९ला अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी हाच दावा केला: जड पाण्यात पॅलेडियमचा इलेक्ट्रोड बुडवून वीज सोडली, की जादा उष्णता मिळते.

अडचण? ती फ्यूजनची असती तर भरपूर न्यूट्रॉन दिसायला हवे होते. दिसले नाहीत. इतर प्रयोगशाळांनाही प्रयोग खात्रीने जमला नाही. २०१९मध्ये गुगलच्या पैशातून झालेल्या संशोधनातही पुरावा सापडला नाही. पण उष्णता मोजायची उपकरणं सुधारली.

मी कोड लिहितो. 'माझ्या लॅपटॉपवर चालतंय' एवढ्यावर आम्ही रिलीज करत नाही. इथेही तसंच. आशा जरूर ठेवा, पण दुसऱ्या कुणाच्या टेबलावर चालेपर्यंत पैसे खिशातच ठेवा.