देशी मासे निवडताना

घरच्या टाकीत मासे एकत्र ठेवायचे, तर ते सगळे देशी असणे पुरेसे नाही; त्यांचे मूळ पाणी सारखे आहे का, हे आधी पाहावे. केरळ-कर्नाटकच्या डोंगरी ओढ्यांतला डेनिसन बार्ब वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात थव्याने राहतो आणि सुमारे 15 सेंटिमीटर वाढतो. त्याच्यासोबत तशाच ओढ्यांतला मलबार डॅनियो छान नांदतो. दोघांनाही लांब टाकी आणि पंपाचा प्रवाह हवा. डॅनियो उड्या मारतो, म्हणून घट्ट झाकणही. पारदर्शक ग्लासफिश मात्र संथ, पाणवनस्पतींच्या आडोशाची. या धावपळीत तिच्या वाट्याला खाणेच येत नाही. मरळीच्या कुळातले मासे तर तोंडात मावेल त्याला गिळतात, मग तो कुठल्याही नदीतला असो.

देशी माशांच्या हौसेपायी ओढे रिकामे होतील, हा आक्षेप रास्त आहे. डेनिसन बार्ब आज संकटग्रस्त आहे आणि शोभिवंत माशांचा व्यापार हे त्याचे एक मोठे कारण. पण या माशाची पैदास आता बंदिस्त टाक्यांत होते. दुकानदाराला विचारून तेच मासे घ्यावेत, खात्री नसेल तर घेऊच नयेत. नकोसे झालेले मासेही जवळच्या नदीत सोडू नयेत, कारण केरळचा मासा मुळा-मुठेत परकाच असतो आणि टाकीतले रोगही सोबत नेतो.