उगमबिंदूचा शोध : न्यायवैद्यक कादंबरी आणि साक्षीची विश्वासार्हता

आग पुरावा नष्ट करते, हा समज फार जुना आहे. गुन्हेगार त्यावर विसंबतो आणि रहस्यकथेनेही पुष्कळ काळ तो निमूटपणे स्वीकारला होता. पॅट्रिशिया कॉर्नवेल या अमेरिकन लेखिकेची १९९८ साली प्रसिद्ध झालेली ‘पॉइंट ऑफ ओरिजिन’ ही कादंबरी नेमक्या उलट गृहीतकावर उभी आहे. आग जितके झाकते त्याहून अधिक सांगते, मात्र तिची भाषा जाणणारा हवा, हे या कादंबरीचे आशयसूत्र होय. शीर्षकातील संज्ञा अग्नितपासाच्या व्यवहारातून आली आहे. जळालेल्या वास्तूत ज्या जागी आगीने प्रथम पेट घेतला, ती जागा तिने दर्शविली जाते. मराठीत तिला ‘उगमबिंदू’ म्हणता येईल. परंतु उगम म्हटले की मनात नदी येते, आणि मूळ संज्ञेतील कोरडेपणा हरवतो. हा कोरडेपणा गमावणे परवडणारे नाही, कारण कादंबरीच्या साऱ्या भाषेचा तोच स्थायी स्वर आहे.

कादंबरीची निवेदिका डॉ. के स्कारपेटा ही व्हर्जिनिया राज्याची मुख्य वैद्यकीय परीक्षक आहे. संशयास्पद अथवा अनैसर्गिक मृत्यूचे कारण शोधून ते अधिकृतपणे नोंदविणारा हा वैद्य असतो. मुंबईत १९९९ सालापर्यंत अस्तित्वात असलेल्या कॉरोनरच्या पदाशी त्याचे काही साम्य आहे. परंतु वैद्यकीय परीक्षक स्वतः शवविच्छेदन करतो, हा भेद महत्त्वाचा. कॉर्नवेल यांनी रिचमंड येथील अशाच कार्यालयात काही वर्षे नोकरी केली होती. १९९० साली आलेल्या ‘पोस्टमॉर्टेम’ या त्यांच्या पहिल्या कादंबरीपासून शवागारातील नित्यक्रम आणि तेथील परिभाषा इतक्या सहजतेने अवतरतात, त्याचे कारण येथे सापडते.

वॉरेंटन येथील एका धनिकाच्या घोड्यांच्या कुरणावर आग लागते. घोडे होरपळून मरतात आणि घराच्या अवशेषांत एका स्त्रीचा मृतदेह सापडतो. येथून प्रश्नांची साखळी सुरू होते, आणि तिचे दुवे न्यायवैद्यकशास्त्र पुरविते. माणूस आगीत मेला की मेल्यावर आगीत सापडला, हा त्यातील पहिला प्रश्न. श्वासनलिकेत खोलवर काजळी आढळली आणि रक्तात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण वाढलेले असले, तर आग लागली तेव्हा तो श्वास घेत होता असे ठरते. जळालेल्या देहाचे हात मुष्टियोद्ध्यासारखे आखडलेले दिसतात, त्यामुळे पाहणाऱ्यास झटापटीचा भास होतो; वस्तुतः तो उष्णतेने स्नायू आकसल्याचा परिणाम असतो. कवटीला गेलेले तडेही प्रहाराचे असतील असे नाही. उष्णतेने झालेला भंग आणि शस्त्राने झालेली जखम यांतील अंतर ओळखणे, हेच परीक्षकाचे खरे कौशल्य.

या तपशिलाने वाचकाच्या मनात जुगुप्सा उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. तरीही कादंबरीत बीभत्स हा प्रधान रस होत नाही. निवेदिका प्रथमपुरुषी बोलते, आणि तिची नजर व्यवसायाच्या शिस्तीने बांधलेली असते. ती मापे घेते आणि दिसेल ते नोंदवून ठेवते. बीभत्साला आवरणारी ही शिस्तच हळूहळू करुणेचे रूप घेते, कारण मृताला स्वतःसाठी बोलता येत नाही आणि त्याची बाजू मांडणारे दुसरे कोणी उरलेले नसते. या साहित्यप्रकाराचे नैतिक अधिष्ठान ते हेच. कोनन डॉयल यांच्या शेरलॉक होम्सचे वैभव त्याच्या बुद्धीत आहे. स्कारपेटाचे सामर्थ्य मृताविषयीच्या निष्ठेत आहे.

येथे मात्र एक प्रश्न उपस्थित होतो. देह आणि राख कधीच खोटे बोलत नाहीत, ही श्रद्धा कितपत टिकते? अग्नितपासाचा इतिहास या बाबतीत सावध करणारा आहे. काचेवरील जाळीदार तडे किंवा जमिनीवरील विशिष्ट डाग ज्वालाग्राही द्रव ओतल्याची खूण आहेत, असे तपासनीस अनेक दशके शपथेवर सांगत आले. पुढे प्रयोगांनी दाखविले की, तापलेल्या काचेवर विझविण्याचे पाणी पडले तरी असे तडे जातात. आणि बंद खोली एकाएकी सर्वत्र पेटली की द्रवाशिवायही तसेच डाग उमटतात. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने शास्त्रीय पद्धतीवर आधारलेली तपासाची मार्गदर्शिका १९९२ साली प्रथम प्रसिद्ध केली. त्याच वर्षी टेक्सासमध्ये कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम याला घरास आग लावून आपल्या तीन मुलींची हत्या केल्याबद्दल दोषी ठरविण्यात आले. २००४ साली त्याला मृत्युदंड देण्यात आला. ती आग हेतुपुरस्सर लावली होती या निष्कर्षाला शास्त्रीय आधार नव्हता, असे अनेक अग्निशास्त्रज्ञांनी प्रतिपादिले आहे. राखेचे चुकीचे वाचन माणसाच्या प्राणावर बेतू शकते, हे या खटल्याने दाखविले.

कॉर्नवेल यांच्या मालिकेत हा प्रश्न उघडपणे चर्चिला जात नाही. परंतु तिच्या रचनेत तो अनपेक्षितपणे शिरतो. ‘पॉइंट ऑफ ओरिजिन’मध्ये निवेदिकेचा प्रियकर बेंटन वेस्ली आगीत मारला जातो. आयुष्यभर इतरांचे मृत्यू वाचणारी स्त्री येथे स्वतःच्या शोकापुढे उभी राहते, आणि तिची शिस्तबद्ध भाषा प्रथमच अपुरी पडते. कादंबरीतील हा भाग सर्वांत उत्कट आहे. पण २००३ साली ‘ब्लो फ्लाय’ आली आणि वेस्ली जिवंत असल्याचे उघड झाले. त्याचा मृत्यू हा रचलेला बनाव होता. लोकप्रिय पात्राला परत आणण्याची ही क्लृप्ती म्हणून अनेकांनी नाक मुरडले, आणि तो आक्षेप निराधार नाही. परंतु या उलथापालथीचा दुसराही अर्थ संभवतो. राखेवर सर्वाधिक विश्वास ठेवणारी स्त्रीच राखेच्या साक्षीने फसविली गेली. विशेष हे की, त्याच कादंबरीत लेखिकेने प्रथमपुरुषी निवेदन सोडून तृतीयपुरुषी निवेदन स्वीकारले. २०१० सालच्या ‘पोर्ट मॉर्च्युअरी’पर्यंत प्रथमपुरुष परतला नाही. हा बदल हेतुतः केला असो वा नसो, साक्षच कोसळल्यावर साक्षीदाराचा ‘मी’ही गेला, हे वाचकाच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही.

न्यायवैद्यक रहस्यकथेचे मूल्यमापन करताना तिच्यातील शास्त्रीय माहिती अचूक आहे की नाही, एवढेच पाहून भागत नाही. त्या माहितीच्या आधारे ती किती निश्चिततेने बोलते, हेही पाहावे लागते. कथेला शेवट हवा असतो, म्हणून ती उगमबिंदू सापडल्याचे सांगते. प्रत्यक्ष तपासात पुष्कळदा ‘कारण अनिर्णित’ असाच निष्कर्ष नोंदवावा लागतो, आणि तो नोंदविण्यास अधिक धैर्य लागते. या अनिर्णिताला कथेच्या घाटात सामावून घेणारी कादंबरी वाचकाला उत्तराचे समाधान कदाचित देणार नाही. पण मृताविषयीच्या ज्या निष्ठेवर हा साहित्यप्रकार उभा आहे, तिला ती अधिक जागेल.