हिवाळ्यातील तट्टू : त्याची वैरण आणि त्याचे वजन

विदर्भात कडाक्याच्या थंडीचा मान बहुधा गोंदियाकडे जातो. त्या जिल्ह्याच्या पूर्वेस, जंगलाच्या कुशीत वसलेल्या देवरीकडे पौष महिन्यात पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो. दुपारी मात्र ऊन चांगलेच जाणवते. अशा दिवसांत मुलांच्या हौसेखातर किंवा वरातीच्या धंद्यासाठी ज्यांच्या दारी एखादे तट्टू असते, त्यांच्या घरी वडीलधाऱ्यांचा हुकूम ठरलेला असतो : "थंडी फार पडली, त्याची चंदी वाढवा." या हुकुमामागे माया असते यात शंका नाही, परंतु घोड्याच्या पोटाची रचना पाहिली म्हणजे ही माया चुकीच्या वाटेने चालली आहे असे दिसून येते.

घोडा रवंथ करीत नाही. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान असते, आणि चाऱ्यातील तंतुमय भाग पचविण्याचे काम पुढे मोठ्या आतड्यात सूक्ष्म जंतू करतात. तेथे चारा आंबत असता जी ऊब निर्माण होते, तितकी दाणा पचताना होत नाही. म्हणजे थंडीच्या रात्री तट्टाची शेगडी त्याच्या वैरणीतच असते. सामान्यतः वजनाच्या शेकडा २ इतका कोरडा चारा रोज लागतो. २०० किलोच्या तट्टास सुमारे ४ किलो. थंडीची लाट आल्यास सायंकाळच्या वैरणीत भर घालावी. उलट, ज्यास काम नाही अशा जनावरास एकाएकी दाणा वाढविला तर तो आतड्यात आंबून आम्ल होते, आणि त्याचा परिणाम खुरांच्या आतील दाहात होतो. मग तट्टू पाय टेकावयास कचरते. दुखणे बळावल्यास आतील हाड जागचे ढळते आणि जनावर कायमचे जायबंदी होते.

परंतु वैरण कोणती, हा देवरीकडील खरा प्रश्न आहे. हा मुलूख धानाचा, आणि मळणीनंतर तणसाचे ढीग दारोदार. बैल ती आनंदाने खातो व रवंथ करून पचवितो; घोड्याच्या आतड्यात मात्र केवळ तणस अडकून बसते व पोटशूळ उठतो. जंगलातील गवत पाऊस सरताच, फार जून होण्यापूर्वी कापून वाळवून ठेवावे आणि त्याचीच मुख्य वैरण करावी. तणस तोंडी लावण्यापुरती. भाताच्या कोंड्याविषयीही हीच सावधगिरी. त्यात स्फुरद फार व चुना अगदी थोडा, त्यामुळे पोटभर कोंडा सतत दिल्यास शरीर हाडांतील चुना ओढून घेते आणि तोंडाची हाडे सुजतात.

याहून मोठा धोका शेतातच उगवतो. उभ्या धानात लाखोळी पेरण्याची रीत इकडे जुनी आहे. माणसांस लंगडेपण आणणारी म्हणून १९६१ साली या डाळीच्या विक्रीस बंदी झाली होती. पुढे महाराष्ट्रात ती उठविण्यात आली. माणसांविषयीचा वाद काहीही असो, घोडा या बाबतीत फार नाजूक आहे. कित्येक आठवडे लाखोळी पोटात गेली तर त्याचा कंठ लुळा पडतो, थोडे धावताच घशातून घरघर निघते, मागील पाय लटपटतात. हरभरा महाग म्हणून लाखोळी भिजवून घालण्याची काटकसर आम्हांस मुळीच मान्य नाही.

पाणी अगदी गार असले की तट्टू ते कमी पिते, आणि कोरडी वैरण पोटात बसते. सकाळी बादलीत थोडे ऊन पाणी मिसळावे, एवढे पुरे.

राहिले वजन. हिवाळ्यात अंगावर दाट लव येते आणि रोड जनावरही गुबगुबीत दिसते, तेव्हा डोळ्यांवर विसंबू नये. बरगड्यांवरून हात फिरवावा : हलक्या दाबाने त्या लागाव्यात, पण नजरेस दिसू नयेत. अधिक निश्चिती हवी असल्यास घरातील शिवणकामाची टेप पुरते. पुढील पायांच्या मागून छातीचा घेर घ्यावा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी घ्यावी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग लांबीने गुणून ११,८८० ने भागला की वजन किलोत निघते. घेर १३० व लांबी १३५ असेल तर सुमारे १९२ किलो. दर पंधरवड्यास हा आकडा तबेल्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावा. हे काम घरातील शाळकरी मुलांकडे सोपविले तर ती ते आवडीने करतात आणि त्यांची त्रैराशिकेही पक्की होतात.