धुक्याच्या दिवसांसाठी सायकल

मार्गशीर्ष-पौषात मावठ्याची एखादी सर येऊन गेली, की दुसऱ्या पहाटे लश्करपासून मुरारपर्यंत अवघे ग्वाल्हेर धुक्यात बुडून जाते. जमिनीत ओल मुरलेली असते, आकाश निरभ्र असते आणि वाऱ्याचे नाव नसते. अशा रात्री जमीन झपाट्याने निवते व तिच्यालगतच्या हवेतील बाष्प तेथेच गोठल्यासारखे तरंगत राहते. म्हणूनच हे धुके कामावर निघायच्या वेळीच सर्वांत दाट असते. ज्यांच्या दारी मोटार आहे ते तासभर थांबू शकतात. परंतु दूधवाला, वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, सकाळच्या पाळीचा कामगार आणि शिकवणीला निघालेला विद्यार्थी यांना ती सवड कोठली? त्यांच्यापैकी अनेकांचे वाहन आजही सायकलच आहे.

पन्नास मीटरच्या पलीकडचे दिसेनासे झाले, की हवामान खाते त्यास ‘अतिदाट धुके’ म्हणते. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारा ट्रक सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापतो, तर ताशी १५ किलोमीटरने चाललेली सायकल जेमतेम ४ मीटर. म्हणजे सायकलस्वार दृष्टीस पडल्यापासून त्याच्यापर्यंत पोचावयास ट्रकला अवघे चार सेकंद लागतात. तेवढ्यात चालकाने पाहावयाचे, ओळखावयाचे आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबावयाचा. तेव्हा सायकल घेताना प्रथम दिवा पाहावा, मग सायकल, असे आम्ही म्हणतो, ते उगाच नव्हे.

दुकानात मात्र उलट चालते. रंग, कॅरिअर, घंटी यांची चर्चा होते; दिव्याचा विषयच निघत नाही, कारण बहुतेक सायकली दिव्यावाचूनच विकल्या जातात. एके काळी विनादिव्याची सायकल दिसली की चौकातला पोलीस चाकातली हवा सोडून देई. त्या धाकाने का होईना, घरोघरी दिवा असे. धाक गेला आणि दिवाही गेला!

पुढच्या दिव्यापेक्षा मागचा तांबडा दिवा अधिक महत्त्वाचा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तो बैठकीच्या दांड्यावर बसवू नये. तेथे कोटाचे टोक किंवा शाल त्यावर येते. कॅरिअरच्या मागच्या टोकास किंवा मडगार्डवर तो पक्का नटबोल्टाने बसवावा. चिमट्याने अडकवलेला दिवा सायकल-स्टँडवर फार दिवस टिकत नाही, हे सांगावयास नकोच. दिवा एकसारखा जळणारा असावा. लुकलुकणारा लक्ष वेधून घेतो खरा, परंतु धुक्यात त्यावरून अंतराचा अंदाज बांधणे कठीण जाते. पायडलांवर पिवळे रिफ्लेक्टर अवश्य हवेत. त्यांची वरखाली होणारी हालचाल पाहताच मागच्या चालकास पुढे सायकल आहे हे उमगते. मात्र रिफ्लेक्टर दुसऱ्याच्या उजेडावर जगतो. त्याला दिव्याची जागा घेता येत नाही.

पुढचा दिवा जितका उंच, तितका धुक्यात निरुपयोगी. कपाळावर बांधलेला दिवा तर डोळ्यांपुढे पांढरी भिंतच उभी करतो. तो खाली, पुढच्या चिमट्याजवळ असावा आणि झोत रस्त्याकडे झुकलेला असावा.

वीज कोठून आणावी? बाटलीच्या आकाराचा जुना डायनामो स्वस्त आणि चिवट असतो. मात्र टायर ओला झाला की तो घसरतो आणि सायकल थांबली की दिवाही मालवतो. चाकाच्या हबमध्येच बसवलेला डायनामो या दोषांतून पुष्कळसा सुटतो. तो पावसात घसरत नाही, आणि त्याच्या जोडीच्या नव्या एलईडी दिव्यात थोडी वीज साठत असल्याने थांबल्यावरही काही मिनिटे उजेड राहतो. युरोपात नित्याच्या सायकलींवर तो सर्रास आढळतो, आपल्याकडच्या साध्या दुकानांत सहसा दिसत नाही. तोवर चार्ज होणारा एलईडी दिवा बरा. फक्त रात्री मोबाईलबरोबर त्यालाही चार्जिंगला लावण्याची घरात सवय हवी.

आता ब्रेक. आपल्या काळ्या, भारदस्त सायकलींना दांड्यांचे ब्रेक आणि चकचकीत पोलादी रिमा असतात. कोरड्या रस्त्यावर तक्रार नाही. पण दवाने रिम ओली झाली की रबर नुसते सरकत राहते. हिवाळ्यात रोज जावयाचे असेल तर ॲल्युमिनियमच्या रिमा घ्याव्यात. ओल्या असताही त्या ब्रेक बऱ्यापैकी धरतात. जुनीच सायकल वापरावयाची असल्यास निघाल्याबरोबर दोन-तीनदा ब्रेक हलकेच दाबून रिम पुसून घ्यावी.

बाकी गोष्टींत जुन्याचे आम्हांस कौतुकच आहे. पोलादी सांगाडा गल्लीतल्या वेल्डरकडेही दुरुस्त होतो, पूर्ण चेनकव्हर साखळीला चिखलापासून आणि पायजम्याला वंगणापासून वाचवते, लांब मडगार्ड अंगावर शिंतोडे उडू देत नाहीत. गिअरांचा सोस शहरातल्या सपाट रस्त्यावर कशाला? पडावच्या पुलाचा चढ तेवढा उतरून चालावा.

खरेदीस शक्यतो सायंकाळी दिवेलागणीनंतर जावे. दिवे लावून सायकल दुकानाबाहेर उभी करण्यास सांगावे, नेहमीचा डबा आणि दप्तर कॅरिअरवर ठेवावे, नेहमीचाच कोट घालून घरातल्या एकाने सायकलवर बसावे, आणि दुसऱ्याने पन्नास पावले मागे जाऊन तांबडा दिवा दिसतो की नाही ते पाहावे. दुकानदार हसेल, हसू द्यावे.